सभा राहू द्या, आधी रस्त्यावरचे दिवे मोजा

वाचकाचं पत्र: आमच्या वसाहतीत साधारण ऐंशी घरं आहेत. गेल्या निवडणुकीपासून सरळ दोन तट पडलेत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटून दोन झाले. छोटं वाचनालय आहे, पण समितीची बैठकच होत नाही, त्यामुळे ते कुलूपबंद आहे. वाचनालयाचा हिशेब वीस वर्षं सांभाळणारा माझा जुना मित्र माझ्याशी बोलत नाही. कारण ग्रुपवर त्याला उद्देशून मी लिहिलेली एक ओळ. पुढच्या महिन्यात सगळ्यांची खुली सभा घ्यावी, सगळ्यांनी मनं मोकळी करावीत, असं मला वाटतं. सभेची आखणी कशी करू? आणि रोज येणाऱ्या भडक फॉरवर्डना उत्तर द्यावं की गप्प बसावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

सभा घेऊ नका. निदान इतक्यात नको, आणि खुली तर मुळीच नको. तुमची तळमळ पत्रात दिसते, म्हणूनच ती वाया जाऊ नये असं वाटतं. हिशेब करून पाहा. ऐंशी घरांतून साठ माणसं आली आणि सभा दोन तास चालली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. प्रत्यक्षात तसंही होत नाही. पाच-सहा जण बोलतात, आणि तेच लोक ग्रुपवरही बोलत असतात. आपली माणसं ऐकायला बसलेली असली की बोलणारा विरुद्ध बाजूशी बोलतच नाही, आपल्या माणसांसाठी बोलतो. चारचौघांत ठणकावून म्हटलेलं वाक्य मागे घेणं जड जातं. त्यामुळे कालपर्यंत ज्यांचं मत डळमळीत होतं, तेही सभेनंतर एका बाजूचे पक्के होऊन घरी जातात. आणि ज्यांच्या जोरावर वसाहत पुन्हा जुळू शकते, ते दोन्हीकडे नमस्कार राखून असलेले शांत लोक दोन तास खाली मान घालून बसतात.

नुसतं एका जागी आणून बसवल्याने माणसं जवळ येत नाहीत, हे फार पूर्वी तपासून झालंय. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा वर्षांच्या आसपासच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट पाडले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत वैर एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवला. उपयोग शून्य, जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं गेलं. फरक पडू लागला तो शिबिराचं पाणी बंद झालं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा. पुढे ट्रक सुरू होईना, तेव्हा मुलांनी तो दोर बांधून ओढला. रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढला होता तोच दोर. तरीही एका ट्रकने वैर मिटलं नाही, अशी कामं एकामागून एक यावी लागली. मुलांमधलं भांडण संशोधकांनीच पेटवलं होतं, अशी टीका या प्रयोगावर झाली आणि ती रास्त आहे. पण कामाबद्दलचा त्यातला धडा पुढच्या अनुभवातही टिकला.

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोन गटांतली भेट कशामुळे फळते याच्या चार अटी मांडल्या: दोन्ही बाजूंचा मान सारखा हवा, उद्दिष्ट एकच हवं, काम एकमेकांच्या साथीने व्हायला हवं, आणि ज्यांचा शब्द चालतो अशांचा पाठिंबा हवा. २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी ५१५ अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. संपर्काने एरवीही आकस कमी होतो, आणि या अटी पाळल्या तर जास्त होतो, असं त्यांना आढळलं. तुमच्या सभेत यातली एकही अट पुरी होत नाही. बोलवणारे तुम्ही एकटे, म्हणजे एका बाजूचे. उद्दिष्ट 'मनं मोकळी करणं', म्हणजे हाताला काम काहीच नाही.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे एक जोडीदार शोधणं, तोही पलीकडच्या बाजूचा. त्या बाजूचा पुढारी नको. तो आला तर त्याला त्याच्या लोकांना उत्तर द्यावं लागतं. ग्रुपवर फारसं न लिहिणारा, पण ज्याचं म्हणणं त्याची माणसं ऐकतात, असा कुणी बघा. त्याच्याकडे स्वतः जा. मेसेज पाठवू नका, कारण लिहिलेला मेसेज दुसऱ्या मिनिटाला पुढे जातो आणि त्यावर चर्चा झडते. पाच मिनिटांत बोलणं उरका: 'आपल्याकडचे बरेच दिवे बंद आहेत. दोघं मिळून यादी करू या का? राजकारणावर बोलायचं नाही. अर्जावर दोघांच्या सह्या.' बस्स, एवढंच.

एक वाक्य मात्र चुकूनही बोलू नका: 'तुमच्यातले तुम्हीच काय ते समजूतदार.' आपल्याला ते कौतुक वाटतं, पण ऐकणाऱ्याला कळतं की त्याची बाकीची सगळी माणसं तुम्ही मूर्खांत काढलीत. जोडीदार मिळायच्या आधीच गमावण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

दिव्यांचं उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलं. पहिलं काम निवडताना बघा की त्याला कोणत्याही पक्षाचा रंग नसावा, ते तीन आठवड्यांत पूर्ण व्हावं, आणि दोन्ही तटांना त्याचा सारखाच उपयोग व्हावा. पुतळा, फलक, रस्त्याचं नाव, मैदान कुणी कधी वापरायचं, असले विषय दूर ठेवा. 'सलोखा', 'एकोपा' ही नावंही कामाला देऊ नका. तसं नाव दिलं की यायचं की नाही हीच एक राजकीय भूमिका होऊन बसते. दिवे मोजायला कुणाला भूमिका लागत नाही.

सहा माणसं पुरतात, इकडची तीन, तिकडची तीन. त्यांच्या तीन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत दोन्हीकडचा एकेक घ्या. जोड्या आधी ठरवून ठेवा. ऐनवेळी 'आपापले जोडीदार निवडा' म्हटलं की माणसं ओळखीच्याकडेच सरकतात. वसाहतीचे तीन भाग पाडा. अंधार पडल्यावर निघा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत काम होतं. कागदावर पाच रकाने आखा: खांबाचा क्रमांक, जवळची खूण, दिवा चालू / बंद / लुकलुकतो, किती दिवसांपासून, शेरा. एक जण टॉर्च धरेल आणि क्रमांक वाचेल, दुसरा लिहील. हे बारीक वाटेल, पण सगळं मर्म इथंच आहे. अंधारात गंजलेल्या खांबावरचा क्रमांक वाचताना 'हा तीन आहे की आठ?' असं एकमेकांना विचारावंच लागतं. दोघांची नजर एकाच वस्तूवर असते, एकमेकांवर नसते. अबोला धरलेल्या माणसांना समोरासमोर बसवण्यापेक्षा शेजारी-शेजारी चालायला लावणं कितीतरी सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी तिन्ही याद्या एकत्र करून एक अर्ज लिहा. त्यावर सहाही नावं अकारविल्हे घाला. अध्यक्ष नाही, संयोजक नाही. अर्ज द्यायला दोन्ही बाजूंचा एकेक जण जाऊ दे. पोच घ्या, तिची प्रत दोन्ही ग्रुपवर एकाच वेळी, शब्दन् शब्द सारख्या मजकुरासह टाका. पंधरा दिवसांनी पाठपुराव्याला जायचं, तेव्हा आधीचे दोघे सोडून दुसरे दोघे पाठवा.

आता हे कुठं फसतं ते सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी काम बुडतं ते श्रेयावरून. एका गटाच्या ग्रुपवर फोटो पडतो, खाली कुणीतरी 'आपल्या कार्यकर्त्यांचं अभिनंदन' लिहितो, आणि झालं, दुसऱ्या बाजूचे तिघे पुन्हा येत नाहीत. म्हणून काम पुरं होईपर्यंत फोटो नाही, आणि नंतर काढलाच तर सहाही जण असतील तरच, हे पहिल्याच दिवशी ठरवा. कोणी पुढारी 'मी करून देतो' म्हणाला तर त्याची मदत नाकारायचं कारण नाही, पण ती दोन्ही सह्यांच्या अर्जावर घ्या आणि उद्घाटन टाळा. दुसरा धोका हा की एकच बाजू सगळं करून टाकते. उत्साही माणूस पुढे होऊन तिन्ही भाग एकटाच फिरून येतो. याद्या तयार होतात, पण ज्यासाठी हा खटाटोप केला ते राहून जातं. अशाला प्रेमाने थांबवा. तिसरी गोष्ट म्हणजे पहिलं काम लहानच ठेवा. आधी चुरशीत असलेल्या गटांनी हाती घेतलेलं संयुक्त काम फसलं, तर जवळीक वाढत नाही, उलट एकमेकांवर खापर फुटतं, हे १९७७ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. वाचनालय पुन्हा सुरू करणं हे तुमचं मोठं काम, पण ते तिसरं किंवा चौथं असू दे.

एका कामाने झालेली ओळख आपोआप बाहेर पसरत नाही, हेही लक्षात असू द्या. इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यांनंतर विस्थापित झालेल्या ख्रिस्ती फुटबॉलपटूंच्या काही संघांत सल्मा मूसा या संशोधक बाईंनी मुस्लिम खेळाडू घातले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतल्या ख्रिस्ती खेळाडूंनी सहा महिन्यांनंतरही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करण्याची शक्यता जास्त होती, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी ते दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला जास्त वेळा मत देत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, त्यांच्या वागण्यात तसा ठळक बदल दिसला नाही. तुमच्याकडेही सहा जण एकमेकांना ओळखू लागतील आणि उरलेली वसाहत होती तिथंच राहील. म्हणून पुढच्या कामात जुने तीन आणि नवे तीन घ्या. पहिलं धरून अशी चार कामं केलीत तर पंधरा माणसं होतात, आणि ऐंशी घरांच्या वसाहतीत पंधरा हा आकडा लहान नाही.

तुम्हाला हवं असलेलं मोकळं बोलणं याच्या नंतर येतं. तेही सभेत नाही, सहा-आठ जणांत. नव्वद मिनिटं ठरवा आणि वेळेवर थांबा. चालवणारे दोघे असावेत, दोन्हीकडचे एकेक, आणि त्यांनी त्या दिवशी स्वतःचं मत मांडू नये. पहिला प्रश्न 'तुमचं मत काय' असा नको, 'या विषयावर तुमचं मत ज्यामुळे घडलं असा आयुष्यातला एखादा प्रसंग सांगा' असा हवा. मतावर वाद घालता येतो, प्रसंगावर घालता येत नाही. प्रत्येकाला घड्याळ लावून तीन मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही, ज्याला बोलायचं नसेल त्याने 'पुढे' म्हणावं. दुसऱ्या फेरीत विचारा: 'तुमच्याच बाजूचं कोणतं म्हणणं तुम्हाला पुरतं पटत नाही?' या प्रश्नावर आधी शांतता पसरते. घाई करू नका, ती शांतता भरायला जाऊ नका. तिसऱ्या फेरीत एकमेकांना प्रश्न विचारू द्या, मात्र खरेखुरे. 'पण तुम्हाला असं नाही का वाटत की...' अशी सुरुवात झाली की तो प्रश्न नसतो, प्रश्नचिन्ह लावलेला वाद असतो. चालवणाऱ्याने तिथंच म्हणावं, 'हेच जरा वेगळं विचाराल?'

अशा बोलण्यातून मतं बदलतील अशी आशा धरू नका. १९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेत बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये गर्भपात केंद्रांवर गोळीबार झाला, दोन स्त्रिया मेल्या. त्यानंतर गर्भपाताच्या बाजूच्या तीन आणि विरोधातल्या तीन, अशा सहा नेत्या गुपचूप भेटू लागल्या. आरंभी चारच बैठका ठरल्या होत्या. प्रत्यक्षात त्या पाच वर्षांहून जास्त काळ भेटत राहिल्या आणि २००१ च्या जानेवारीत सहाजणींनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला. आपली मतं आधीपेक्षा पक्की झाली आहेत, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. पण एकमेकींबद्दलचा आदर वाढला होता आणि जाहीर बोलण्यातली भाषा बदलली होती. पोटातल्या जिवाला काय म्हणायचं, यावरही त्यांना दोन्ही बाजूंना चालेल असा शब्द शोधावा लागला. तुम्हीही बैठकीआधी हे करा. दोन्ही बाजूंना विचारा की आपल्याला कोणत्या नावाने हाक मारलेली चालेल आणि कोणते शब्द झोंबतात. ते शब्द कागदावर लिहून नव्वद मिनिटांपुरते बाजूला ठेवा. आमच्या मते सगळ्या तयारीत हे अर्ध्या तासाचं काम सर्वांत जास्त कामी येतं.

फॉरवर्डबद्दल. ग्रुपवर सगळ्यांदेखत खोडून काढू नका. पाठवणाऱ्याचं लक्ष मग मजकुरावर राहत नाही, आपली अब्रू वाचवण्यावर जातं. खाजगीत विचारा, 'हे कुठून आलं? मला तारीख सापडत नाही.' मजकूर धादांत खोटा आणि कुणाच्या जिवावर बेतेल असा असेल, तेवढाच अपवाद. तेव्हा ग्रुपवर दोन ओळींत फक्त दुरुस्ती लिहा, पाठवणाऱ्याचं नाव न घेता. बाकीचं बोलणं समोरासमोरच करा. अमेरिकेतल्या मायामीत कार्यकर्त्यांनी दारोदार जाऊन ट्रान्सजेंडर लोकांविषयी सुमारे दहा मिनिटं बोलणं केलं. ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कुणी वेगळं म्हणून दूर सारल्याचा अनुभव आठवायला लावणं, हा त्या बोलण्याचा गाभा होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

आणि पलीकडचे लोक कसे आहेत याचा आपला अंदाज साफ चुकलेला असतो, हेही मनाशी धरा. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकांना वाटत होतं की रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी ३८ टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात. खरा आकडा २ टक्क्यांच्या आसपास होता. एखाद्या गटाची जी प्रतिमा डोक्यात ठसलेली असते, तिच्यावरून आपण त्यातल्या सगळ्यांना जोखतो, हे याचं एक कारण असावं.

इथं एक गंभीर गोष्ट. तुमच्या वसाहतीतला वाद नुसत्या मतांचा असेल तर वरचं सगळं लागू आहे. पण एखाद्या घराला धमकी मिळाली असेल, कुणाशी व्यवहार तोडले असतील, कुणाला जात-धर्मावरून अपमान सोसावा लागला असेल, तर त्या माणसाला 'चला, एकत्र दिवे मोजू' म्हणायला जाऊ नका. आधी त्याच्या बाजूने उभे राहा, धमकी थांबवा, गरज असेल तर तक्रार द्यायला सोबत जा. बरोबरीचा मान नसताना घडवलेल्या गोड भेटींत एक धोका असतो. दुबळ्या बाजूला वाटू लागतं की आता आपल्याला न्याय मिळेल, आणि वरचढ बाजू प्रत्यक्षात तितकं देत नाही. २००९ सालच्या एका संशोधनाने हे दाखवलं आहे. अन्याय झालेल्याने बोलायला बसलंच पाहिजे, असा हट्ट कुणीही धरू नये.

दोन-तीन कामं पार पडली की वाचनालयाकडे वळा, आणि ते घाईने 'जुनं सगळं विसरून' नव्हे तर नियमांनी उघडा. समिती सहा जणांची, दोन्हीकडचे तीन-तीन, चाव्या दोन, हिशेब महिन्याला दारावर लावलेला. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी भारतातल्या सहा शहरांचा, तीन जोड्या करून, अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या शहरांत हिंदू आणि मुसलमान एकाच संघटनेत, व्यापारी मंडळात, क्लबात एकत्र होते, तिथं ताण आला तरी दंगल भडकली नाही. नुसत्या येता-जाता होणाऱ्या ओळखी शहरांत तेवढ्या पुरल्या नाहीत. तुमच्या वाचनालयाची किंमत पुस्तकांपेक्षा या समितीत आहे.

त्या समितीनेच एक कागद तयार करावा: सहा फोन नंबर, तीन जोड्यांत. अफवा आली की पुढे पाठवण्याआधी आपल्या जोडीदाराला फोन करायचा आणि अर्ध्या तासात दोघांनी मिळून खातरजमा करायची. खरं-खोटं काय ते दोन्ही ग्रुपवर एकाच मजकुरात. हा कागद पुढच्या निवडणुकीच्या निदान दोन महिने आधी तयार हवा. प्रचार सुरू झाल्यावर फोन उचलले जात नाहीत.

शेवटी तुमचा मित्र. त्याला पहिला जोडीदार करू नका. ती जखम दोघांची खाजगी आहे, तिच्यावर वसाहतीचं ओझं टाकणं बरं नाही. त्याच्याकडे एकटे जा. जी ओळ लिहिलीत तिच्याबद्दलच माफी मागा, तीच ओळ स्वतःच्या तोंडाने उच्चारून. 'तुला वाईट वाटलं असेल तर' असं म्हणू नका. वाईट वाटलंय, हे तुम्हाला माहीत आहे. माफीनंतर 'पण' येऊ देऊ नका, आणि त्याने त्याच्या बाजूने काय लिहिलं होतं तेही काढू नका. ओळ ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिली होती, तेव्हा माफीही तिथं दोन ओळींत लिहा, मात्र त्याला आधी भेटून. तो लगेच बोलेलच असं नाही. त्याला वेळ द्या, महिनाभरात तीच माफी पुन्हा मागायला जाऊ नका. वाचनालय उघडायची वेळ आली की मात्र त्याच्या दारी जा आणि विचारा, 'जुनी हिशेबाची वही तुझ्याकडेच आहे ना? शेवटची शिल्लक किती लिहिली होतीस?' ते त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.